पाचवी प्रत

विक्रोळी कोर्टातून निघाले
तेव्हा शिक्का अजून ओला होता.
आदेशात माझं नाव चुकलंय,
कुमुदिनीचं कुमुदीनी.
कारकून म्हणाला, चालतं.
चालू दे.

झेरॉक्स काढल्या पाच.
एक चौकीत, एक शाळेतल्या बाईंकडे,
एक वॉचमनला, त्याला फक्त शिक्का वाचता येतो.
एक तांदळाच्या डब्यात.
पाचवी कुणाला द्यावी, सुचेना.

चावीवाल्यानं कुलूप बदललं.
जुनं फेकवेना;
दोघांनी मिळून घेतलं होतं,
घासाघीस करून.

रात्री लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली.
ओवी उठून बसली.
"आई, बाबांनी वाचलाय ना हा कागद?"

लिफ्ट खाली गेल्यावर
मी दार उघडून बाहेर आले,
उरलेल्या भाताची शितं लावून
पाचवी प्रत दारावर चिकटवली.
तळहात दाबून धरला
सुकेपर्यंत.