गुटी

तिऱ्ह्याच्या पुढे, नर्सरीत,
पप्पा डाळिंबाच्या फांदीची साल काढतात.
पेन्सिलीएवढी फांदी, पेरभर रुंदीचं कडं,
आत ओलं, पांढरट लाकूड.
वरच्या काठाला भुकटी, मग भिजलेलं मॉस, मग प्लॅस्टिक,
आणि दोन्हीकडून गाठ.

गाठ मात्र नर्सरीची नाही.
चालत्या मागावर तुटलेला ताणा जोडायची ती,
अंगठ्याखाली वळते आणि दिसेनाशी होते.
अशोक चौकातल्या शेडमधले आमचे चार माग
किलोच्या भावाने गेले,
तेव्हा एवढीच मागे राहिली.
इरव्वा म्हणते, पेंटप्पाची गुटी सुटत न्हाई बघ.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.
डबा द्यायला येते आणि बडबडते.
पप्पा, ह्या भुकटीसारखंच काहीतरी झाडात आधीच असतं.
शेंड्याला बनतं, कोवळ्या पानांत,
आणि पेशीपेशीतून खाली उतरतं,
तासाला नखभर.
पेशीची भिंत जराशी आंबट असते,
त्या आंबटात ते सहज आत शिरतं.
आत आंबट नाही.
आत गेलं की त्याचं रूप पालटतं,
मग आल्या वाटेने निघता येत नाही.
निघायला दारं लागतात,
आणि दारं पेशी तळाला बसवते.
फक्त तळाला.

पप्पांच्या दातांत सुतळी.
"परत वर जायला?"
नाही.
"धोटा जातो, येतो, म्हणून कापड होतं.
नुसतं जाणाऱ्याचं काय होतंय?"

मी वही चाळली. ह्याचं उत्तर वहीत नव्हतं.
पप्पांनीच मला पलीकडच्या ओळीत नेलं,
पाच आठवड्यांमागे बांधलेल्या फांदीपाशी.
लाकडातून पाणी चढत होतं, ते कुणी अडवलं नव्हतं.
सालीतून उतरणाऱ्याला मात्र पुढे रस्ताच नव्हता.
ते काठाशी साचलं होतं, तिथे फांदी सुजली होती,
आणि प्लॅस्टिकच्या आतून
कच्च्या सुतासारखी पांढरी
मुळं.

पप्पा बोटाने ती बाहेरूनच मोजत राहिले.
शेड रिकामी झाली त्या महिन्यात
ते असेच भिंतीवरचे खिळे मोजायचे.
मी दुसरंच काहीतरी बोलायला घेतलं.

म्हटलं, दारं कायमची नसतात.
पेशी ती आत ओढते, पुन्हा लावते, दिवसभर चाललेलं असतं.
कुंडी आडवी पडली तर
मुळाच्या टोकात पिठाचे कण असतात,
ते नव्या तळाशी घरंगळतात.
"पिठाचे?"
पिठाचेच. ज्वारीत असतं तसलं.
"म्हणजे ओळंबा."
हो, ओळंबा. मग दारंही तिकडे सरकतात,
निरोप खालच्या अंगाला साचतो.
एकच निरोप, पप्पा.
खोडाला तो ऐकू येतो: लांब हो.
मुळाला ऐकू येतो: थांब.
म्हणून खोड वर वळतं, मूळ खाली.

"काय म्हणायलीस," पप्पा म्हणाले,
आणि पुढच्या फांदीला चाकू लावला.

मंगळवारी त्यांची रात्रपाळी.
इरव्वाकडून कळलं ते नंतर:
चहाच्या कपात तुरीचं चार दिवसांचं रोप,
कप आडवा, ओल्या फडक्याने माती दाबलेली,
वर तेलाचा रिकामा डबा.
उजेडाकडेही झुकतं म्हणते पोरगी,
तर उजेड नकोच.

पहाटे साडेपाचला फोन.
माझ्या पोटात गोळा आला.
"लेचिंदि," पप्पा म्हणाले.
उठलं.
त्यांच्या मागे मोटारीची घरघर,
आणि कुणीतरी झोपेतून विचारत होतं,
कोण उठलं, ओ पेंटप्पा, कोण उठलं?
"तूर," पप्पा म्हणाले.