वीस तेत्रींची लिफ्ट

या इमारतीत वर जायचे पैसे पडतात.
उतरणं फुकट.
लिफ्टमध्ये घोड्याच्या तोबऱ्यासारखी टांगलेली पेटी,
तिला वीस तेत्रींचं नाणं चारायचं,
मग ती कण्हत कण्हत आठव्या मजल्याकडे निघते.
म्हणून माझ्या प्रत्येक कोटाच्या खिशात आता
चिल्लर खुळखुळते.

बातुमीहून तिबिलिसीला निघाले तेव्हा
आईनं बांधून दिलं होतं चीज,
दोऱ्यात ओवून सुकवलेली पर्सिमनं,
आणि एक रजई, गाढवाच्या वजनाची.
सुट्या पैशांचं कुणी बोललंच नव्हतं.
पहिल्या रात्री ती रजई खांद्यावर टाकून आठ मजले चढले
आणि राजधानीला मनातल्या मनात
आमच्या बंदरावरच्या चार शिव्या हासडल्या.

काम कानांचं.
काचेच्या खोलीत माणूस बसवायचा,
डोक्यावर हेडफोन, हातात बटण:
“आवाज आला की दाबा.”
दिवसभर मी लोकांना बारीक बारीक सूर पाठवते
आणि वाट बघते.
काहीजण आवाज नसतानाही दाबतात.
निवृत्त पुरुष, बहुतेक.
कान जातात,
नापास व्हायची भीती जात नाही.

रात्री आईचा फोन.
“मागे समुद्र वाजतोय का गं?”
तो नदीकाठचा हमरस्ता असतो.
मी हो म्हणते.

शनिवारी जुन्या बाजारात फिरते.
पदकं, कॅमेरे, कुणाच्या तरी लग्नातले काटेचमचे.
तिथंच मला नार्दीचा पट मिळाला, अक्रोडाच्या लाकडाचा,
स्वस्त, कारण काळ्या सोंगट्या चौदाच.
पंधरावी म्हणून मी नाणं ठेवते.
वीस तेत्री.

पट काखेत बघूनच ग्रामितोन काकांनी मला अंगणात हाक मारली.
नाव-गाव नंतर विचारलं, आधी फासे दिले.
तेव्हापासून रोज साडेसातला, द्राक्षाच्या मांडवाखाली.
सहा-सहा पडले की काका “दूशाशी!” असे गरजतात
की पाचव्या मजल्यावरची कबुतरं उडतात.
माझे पौ बारा झाले की म्हणतात,
“समुद्राकडची माणसं. चोर सगळी.”

नोव्हेंबरात मी मफलर नाकापर्यंत ओढला
आणि विचारलं, “चहा आणू?”
ते म्हणाले, “तीन वर्षं झाली तिला जाऊन.”

गुरुवारी बोलावलं. काका आले
इस्त्रीच्या सुटात, टाय लावून,
काचेच्या खोलीत असे बसले जणू फोटो काढायचाय,
आणि मी काही पाठवायच्या आतच
बटण दाबत सुटले.

पुन्हा केली तपासणी. पुन्हा.
आलेख डावीकडे बरा, मग एकदम कडा.
“पाखरं गेली,” मी म्हटलं,
“लहान मुलांचे आवाज, स आणि श.”
ते बराच वेळ आलेखाकडे बघत राहिले.
“पण फासे? पटावर पडतात तो आवाज
मला स्पष्ट ऐकू येतो.”

तो तुम्ही ऐकत नाही काका, आठवता.

हे मी बोलले नाही.
फॉर्म भरला. मशीनला सहा आठवडे लागतील म्हणून सांगितलं.

मशीन बसलं त्या संध्याकाळी
आम्ही दोघं लिफ्टमध्ये. मी नाणं टाकलं.
काका दचकले, छताकडे बघितलं.
“ही एवढी कण्हते? आणि वर आपण हिला पैसे देतो?”
तिसऱ्या मजल्यापर्यंत हसत होते.

आता ते ओरडत नाहीत. कबुतरं बसून असतात.
माझ्या शब्दांतला किनाऱ्याचा हेलही त्यांना कळू लागलाय,
चुका काढतात.

काल डाव रंगात असताना अंधार पडला.
“तसाच राहू दे, उद्या इथूनच,” काका म्हणाले
आणि पट हळूच बाकाखाली सरकवला.
लिफ्टपाशी खिसे चाचपले. एकही नाणं नाही.
एक होतं,
पटावर, त्यांच्या घरात अडकलेलं.

मागे वळले नाही.
जिन्यानं चढले, मजला मोजत,
दुसऱ्यावर कुणीतरी कांदा परतत होतं,
सहाव्यावर पियानोचा तोच चुकलेला सूर.