कार्बन

जिल्हा कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली माझं टेबल,
एक पाय आखूड, त्याखाली कवेलूचा तुकडा.
मशीनचा ‘ळ’ तुटलेला.
अर्जाच्या शेवटी ‘कळावे’ टंकलं की मधे भोक राहतं,
ते मी शाईनं भरतो, हातानं, प्रत्येक प्रतीवर.

त्या हिवाळ्यात युद्ध लागलं तेव्हा
झिरो माइलच्या खांबापाशी लोक उगाच उभे राहायचे.
त्यावर गावांची अंतरं कोरलेली, सीमेचं नाही.
विमानांसाठी वेगळा भोंगा नव्हता, मिलचाच वाजवला;
पहिल्या रात्री अर्धी वस्ती डबा घेऊन पाळीला निघाली.
हसलो आम्ही.
दुसऱ्या रात्री कोणी हसलं नाही.

मीही निधीत अंगठी दिली. भाचा आघाडीवर होता,
बातम्यांत त्याच्या पलटणीचं नाव आलं
की घास हातात राहायचा.
हे आधीच सांगून ठेवतो,
पुढचं ऐकून कोणी विचारेल, हा कोणाच्या बाजूचा.

अधिवेशनाला मंत्री आले, मोर्चे आले नाहीत.
पाच जणांनी जमायचं नव्हतं.
टपरीवर आम्ही चौघं; पाचवा आला
की एक जण उठायचा, अर्धा चहा टाकून,
कोणी न सांगता.

सुगंधाबाई पराते आली, गोळीबार चौकातून चालत.
पोरगा मागावर बसायचा. रेशनच्या रांगेत एवढंच बोलला,
‘साखरबी लढाईवर गेली काय बे?’
रात्री नेला.
‘कोणत्या कलमाखाली?’ मी विचारलं.
‘कलम काय माईत बावा. एक चप्पल घरीच रायली त्याची,
तेवढी पोचती करा म्हणून लिवा.’

मी टंकलं: सविनय विनंती की, एक चप्पल, डावी.

हमीदुल्लाच्या भावाचा अर्ज दोन पानी झाला.
हंसापुरीतलं दुकान, टेबलावर उघडा रेडिओ, तारा बाहेर.
पंचनाम्यात: संशयास्पद यंत्र.
रेडिओ ठाण्यातल्याच हवालदाराचा, दुरुस्तीला आलेला.
हवालदार साक्षीला आला नाही,
रेडिओ मात्र घेऊन गेला.

मग साध्या कपड्यातला एक येऊन स्टुलावर बसला.
‘दोन प्रती काढता ना? तीन काढत जा.’
आवाज मऊ. वसूची शाळा त्याला ठाऊक होती,
मधल्या सुट्टीची वेळसुद्धा.
अकरा दिवस मी तिसरी प्रत काढली.
तिसऱ्या प्रतीत ‘ळ’ भरला नाही,
एवढंच माझं बंड. सांगायला लाज वाटते.

काळा कागद बाजारात मिळेना,
तेव्हा बायकोनं माझे वापरलेले कार्बन
खळ लावून खिडकीच्या काचांवर डकवले.
बाराव्या सकाळी ऊन थेट आलं
आणि काचेवर अक्षरं पेटली, सुईनं टोचल्यासारखी.
काही उलटी, काही एकमेकांवर चढलेली:
एक चप्पल, डावी
माझा भाऊ निर्दोष असून
संशयास्प
अर्जदार निरक्षर सबब अंगठा
वसू नुकतीच वाचायला लागलेली.
अंथरुणातून उठली, काचेवर बोट ठेवून
एकेक जोडत गेली,
आणि शेवटच्या ओळीवर अडली.
‘बाबा, इथं एक अक्षर विझलंय.’

त्या दिवशी स्टुलावरच्याला म्हटलं, कार्बन संपला.
तो हसला. वहीत माझं नाव लिहिलं,
पूर्ण, वडलांच्या नावासकट,
मला न विचारता.

लढाई संपली. भाचा परतला, जरा लंगडत.
काचा खरवडल्या, कडांना निळसर काळं राहिलंच.
हमीदुल्ला सुटला, आता फक्त घड्याळं दुरुस्त करतो.
सुगंधाबाई अजून मंगळवारी येते, पिशवीत ती चप्पल.
मी नवा अर्ज करतो. पैसे घेत नाही;
ती कडुलिंबाच्या बुंध्याशी चार आणे ठेवून जाते.

जमावबंदी उठल्याचा कागद मी तरी पाहिला नाही.
उठली असेल.
टपरीवर आम्ही चौघं.
रस्ता ओलांडून पाचवा येताना दिसला
की अजून कोणाचा तरी हात
कपावरून सुटतो.