खुलासा

खाली एक चौकोन दिलाय. पाचशे अक्षरांत खुलासा लिहा म्हणतात.
खातं बंद. कारण : मानवी खेळाशी विसंगत अचूकता.
प्रणीतनं दोनदा वाचलं, मग सोपं करून सांगितलं,
आजोबा, तुम्ही फारच बरोबर खेळलात.

विडी घरकुलात पाचव्या दिवशी पाणी येतं,
रात्री दोनच्या पुढं कधीतरी.
तोवर जागायचं, म्हणून हा नाद लागला.
नळाखाली रिकामी घागर लावून ठेवायची,
ती वाजली की डाव अर्धा टाकून उठायचं.
त्या रात्री वाजलीच नाही.
एक्केचाळीस चाली.
विसाव्या चालीला वजीर दिला मी, स्वतःहून,
आणि घोडा आत शिरला
धोटा शिरतो तसा, ताणा उघडल्या क्षणी.
इतका सरळ मी आयुष्यात कधी चाललो नव्हतो.

ते म्हणतात, हे यंत्राचं काम.
यंत्र मला नवं नाही.
चौतीस वर्षं जकार्डच्या चादरी काढल्या.
डोक्यावर पुठ्ठ्यांची माळ फिरायची, भोकं पाडलेली :
भोक असेल तिथं धागा वर, नसेल तिथं खाली.
मोर पुठ्ठ्याला पाठ.
आम्ही नुसता तुटलेला धागा जोडायचो.
आणि शनिवारी फोल्डिंगच्या टेबलावर
शिवशरण मास्तर चादर उजेडाला धरायचे.
एक धागा चुकला? दोन रुपये काप.
तिसरा चुकला? हजेरी काप.
चुकांचे पैसे भरत भरत म्हातारा झालो,
आणि आता कुठल्या गावचा कोण
माझा डाव उजेडाला धरून विचारतो,
यात चूक कशी काय नाही?

मोठ्यानं हसलो. राजव्वा जागी झाली.
एमैंदी?
दंड पडला.
कशाचा?
तेच सांगता येईना.
ती कुशीवर वळली. तिला नवल नाही.
तिचा मुन्शी हजारातल्या शंभर विड्या छाटतो,
छाटलेल्या परत देत नाही,
त्याही विकतो.

शेडामागं आम्ही कांड्यांची प्यादी करून खेळायचो.
दत्तू गुर्रम लबाड.
कुणी पिंक टाकायला वळलं की त्याचं प्यादं एक घर पुढं.
आम्ही त्याचा हात धरायचो.
हात होता, म्हणून धरता यायचा.
शिव्या व्हायच्या, चहा व्हायचा, डाव पुन्हा मांडायचा.

तर खुलासा.
त्या डावात मी कुणाला विचारलं नाही.
पोर झोपलेलं, दुसरा फोन चार्जिंगला, उशाशी नुसता पंखा.
हे खरं आहे आणि याला साक्षीदार नाही.

पण फेब्रुवारीत एकदा,
समोर कुणीतरी, नावापुढं निळापांढरा झेंडा,
माझा हत्ती कोपऱ्यात कोंडलेला,
तेव्हा प्रणीतच्या फोनवर तीच मांडणी लावली.
एकच चाल घेतली. उंट मागं.
मला ती सुचली नसती.
खरं सांगायचं तर अजून कळलेलीही नाही.
तो माणूस हरला. जाताना त्यानं
जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.
ती चाल कुणाला दिसली नाही.
रंग तोच, वीण तीच, एक धागा परका.
शिवशरण मास्तरांनाही सापडला नसता.
मला मात्र पांघरलं की टोचतो.

काय टाइप करू, प्रणीत विचारतो.
लिही, म्हटलं :
तुम्ही धरलेला डाव माझा आहे.
चोरी झालीय, पण तारीख चुकली तुमची.

आजोबा, असं लिहिलं तर कायमचं बंद करतील.
त्याचा अंगठा काचेवर तसाच, वरच्या वर.
पंखा फिरतोय. बाहेर कुणाचीतरी मोटर सुरू झाली,
म्हणजे शेजारच्या गल्लीत पाणी आलं.

पुसू नकोस, म्हटलं,
आणि घागर बघायला उठलो.