दोन झाल्या

उलवे, सेक्टर सतरा. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरची इमारत,
नववा मजला. मी चप्पल काढायच्या आत
प्रज्योत घरत मोबाईल पुढे करतात:
"डॉक्टर, बघा ना, आमचा पेढा कसा हसतो!"

बघते.
ओठ मागे ओढलेले, दात उघडे,
कानांवरचे पांढरे झुबके डोक्याला चिकटलेले.
तीनशे ग्रॅमचा जीव. मागे कुणीतरी टाळ्या वाजवतंय.

हे हसू नाही, म्हणते मी.
"मग दात काढतो ते?"
हसण्याला आपण दात काढणं म्हणतो,
भीतीने बसते ती दातखीळ.
दोन्हींत दातच.
याचं हे दुसरं.

कागद विचारले की घरत पंख्याकडे बघतात.

मार्मोसेटला हात लावायचा नाही, आधी नुसतं बसायचं.
वहीत रेघा मारते.
खाजवणं: अकरा वेळा, आणि पिसू एकही नाही.
मिक्सर लागला तेव्हा शेपूट फुगून बाटली धुवायच्या ब्रशएवढी.
त्याच दांडीला सारखं बूड घासणं.
"घाण करतो हो," वहिनी फिनेल दाखवतात,
"पुसलं की परत."
वहिनी, ते त्याचं नाव आहे.
तुम्ही पुसता, तो पुन्हा लिहितो.

सोफ्याच्या सागवानी पायाला बारीक भोकं.
थंडीत डिंकाचे लाडू करता ना?
यालाही डिंकच हवाय, बिस्किट नको.
आणि ऊन. काचेतलं नको, काच उजेड देते,
हाडांचं काही देत नाही. मागचे पाय बघा, किंचित वाकलेत.

मान तिरकी करून तो माझ्या पेनाकडे बघतो.
इकडून. मग तिकडून.
एवढं एक चांगलं. त्याखाली रेघ ओढते.

सात वाजता तो जाळीच्या अगदी वर जातो,
तोंड उघडतो,
आणि एक लांब, बारीक शिट्टी.
मग गप्प. हलत नाही.

"रोजचंच आहे," घरत म्हणतात, "गातो."
हाक आहे ती.
यांच्यात एकाने हाक दिली
की दुसऱ्याची येईस्तोवर थांबायची रीत असते.
"दुसरा कोण?"

मी वही मिटते.
खाली, आठव्या मजल्यावर, कोपरकरांचा कुकर होतो.

झुबके ताठ उभे राहतात.
आणि लसूण सोलता सोलता,
सवयीने,
वहिनी पुटपुटतात: "दोन झाल्या."