नारीन ४५ किमी

छपरासाठी थोरल्याने मॉस्कोहून धाडलेले पैसे
कार्ब्युरेटरला गेले.
आई म्हणाली, बर्फ पडायला अजून अवकाश आहे.

बाबांची उआझ जीप गोठ्यामागे अकरा वर्षं.
डिकीत कोंबड्या, सीटवर कोंबड्या,
बॉनेट उघडलं तर तिथंही एक
खुडूक बसलेली. तिला एकवीस दिवस दिले.

तोवर तोक्तोसुन मामाने भंगारातून
गिअरबॉक्स आणला, एका मेंढ्याच्या बदल्यात,
आणि तिसरा गिअर पडत नाही हे
आठवड्याने सांगितलं.

तळ पार कुजलेला.
पत्र्याचे चार हजार सोम ऐकून
मी रात्री घाटात गेलो, पाना घेऊन.
आता आईच्या पायाखाली निळ्यावर पांढरं:
नारीन ४५ किमी.
गाडी कुठंही जावो,
नारीन तेवढंच लांब.

काल दुपारी ती खोकली, शिंकली,
वाळत घातलेली चादर काळी केली
आणि चालू राहिली.
नेमका तेव्हाच थोरल्याचा फोन.
मी खुणावलं, उचलू नको.
आईने उचलला, बोलली काहीच नाही,
नुसता इंजिनाजवळ धरला.

मी चावी फिरवून बंद केलं.
पलीकडे कुठल्याशा बांधकामावर
क्रेनचा भोंगा. मग तो:
'दुसऱ्या सिलिंडरचा ठोका चुकतोय.
व्हॉल्व्ह बघ. आणि चोक
बाबा ओढायचे तेवढाच ओढ, अर्धा.'

छपराचं कुणीच काढलं नाही.