थांबण्याचा रकाना

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, पत्र्याचं गोडाऊन.
आत चादरी, टॉवेल आणि एप्रिल.
हजेरी मी लिहिते.
सही माझी कुठंच लागत नाही,
शाई लागते.

रजिस्टर आडवं उघडतं:
नाव, दिवस, गाठी, दर, उचल, कपात, हाती.
‘हाती’ सगळ्यात अरुंद.
कुणी आखलंय कोण जाणे,
पाच आकडे मावतच नाहीत त्यात.
मावून घ्यायची वेळही आली नाही अजून.

इरण्णा म्हेत्रेची पाठ
बावीस वर्षं गाठीखाली होती.
पंच्याऐंशी किलोची गाठ,
पट्टीची धार कानाजवळ.
गाठीमागं नऊ रुपये, चौघांत.
नऊ भागिले चार शाळेत येत नव्हतं मला,
इथं आलं:
दोन, दोन, दोन, दोन,
उरलेला रुपया चहाच्या डब्यात.

मार्केट यार्डात माथाडी बोर्ड आहे,
तिथं हमालाच्या नावानं लेव्ही भरतात म्हणे.
आमचा ठेकेदार म्हणतो,
हे हमाल नाहीत, हेल्पर आहेत.
शब्द बदलला की
गाठ तेवढीच राहते,
बाकी सगळं हलकं होतं.

माझी आई विड्या वळायची.
तिच्याकडं कार्ड होतं, फोटो चिकटवलेलं.
त्या कार्डावर मला शाळेचे पैसे मिळाले,
त्या पैशांच्या वह्यांतून हे अक्षर आलं
ज्यात मी आता कपात लिहिते.

मालक वाईट नाही.
दिवाळीला दोन टॉवेल देतो, सेकंड क्वालिटी.
बोनस विचारला
की तिसरा देतो.

फेब्रुवारीत इरण्णाची पाठ बसली,
उठलीच नाही.
पीएफ काढू या म्हणाला, काढू या की.
आधारवर ईराण्णा.
पासबुकात इरन्ना.
पीएफच्या कागदावर विरण्णा मेत्री.
खिडकीतला माणूस म्हणाला, हे तिघं वेगळे.
इरण्णा माझ्याकडं वळला, अख्खा वळला,
मान एकटी वळत नाही आता त्याची.
“तिघं असतो तर गाठ जड गेली असती का गं, पद्माक्का?”
आम्ही हसलो.
खिडकी पुढचा नंबर बोलली.

मैनुद्दीन नदाफ गाडी घेऊन भिवंडीला गेला,
गोदामाच्या गेटबाहेर तीन दिवस उभा.
टोकन एकशे बेचाळीस.
गाडी उभी राहिली त्याचे पैसे असतात,
पार्टी देते, मालकाला मिळतात.
गाडीत कोण बसलं होतं
ते बिल्टीत लिहायला जागा नसते.
भत्ता किलोमीटरवर.
तीन दिवसांचे किलोमीटर: शून्य.
बायकोनं दिलेली कडक भाकरी, शेंगाची चटणी
तिसऱ्या दिवशीही कडकच होती, म्हणाला,
आपल्या गावाला आधीच ठाऊक असावं
माणसाला कुठं कुठं उभं करतात ते.

त्या रात्री मी पट्टी घेतली
आणि ‘हाती’च्या पुढं, समासात,
पेन्सिलीनं एक रकाना आखला.
वर लिहिलं: थांबणे.
नदाफसमोर तीन.

सकाळी मालकानं बोट ठेवलं.
हे काय?
रकाना, म्हटलं.
त्यानं खोडरबर शोधला, ड्रॉवरमध्ये नव्हता
(माझ्या पर्समध्ये होता),
मग फोन आला, मग पान उलटलं.
पैसे दिले नाहीत.
खोडलंही नाही.

दुपारी पाणी प्यायला आलेला शिवलिंग वाकून बघत राहिला.
“काय लिवालीस गं?”
सांगितलं.
गमछ्यानं मान पुसली त्यानं, म्हणाला,
काल ट्रक यायला पाच तास लावला, सावली नव्हती,
आमचं बी लिव की.
मग त्याच्या मागचा आला.
मग दोघं.
समास संपला. मी नवं पान जोडलं, डिंकानं.

इरण्णा आता हजेरीत नाही,
तरी शेवटच्या ओळीत लिहिलंय त्याला,
ईराण्णा, इरन्ना, विरण्णा,
तिघांपुढं कंस, कंसापुढं आकडा.
आज एकाहत्तर.
संध्याकाळी जाताना पेन्सिलीला टोक करून ठेवते,
उद्याचा दोन काढायला
वेळ लागू नये.